वाशीतलं मल्टिप्लेक्स, बायकांच्या ग्रुपने जायचं असेल तर हे वाचा

सोसायटीतल्या आणि भिशीतल्या मिळून आम्ही बऱ्याच जणी कोपरखैरण्याहून वाशीला 'बाईपण भारी देवा' बघायला गेलो, कोणी नऊवारी, कोणी गॉगल, सासूबाईंनी तर ठेवणीतली नथ काढली. थिएटरचं नाव लिहीत नाही कारण थोडी तक्रार पण आहे.

आधी चांगलं सांगते. काउंटरवरच्या मुलाने सगळ्यांना दोन ओळींत सलग सीट दिल्या, अजिबात कटकट केली नाही. आवाज, पडदा एकदम मस्त. आणि शो सुटल्यावर बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर फुगडी सुरू झाली तर वॉचमनदादांनी ओरडायचं सोडून लाइनचे दोरीवाले खांब स्वतः उचलून बाजूला ठेवले!! खरंच मन भरून आलं. १९९१ ला आई आणि मावश्या 'माहेरची साडी' बघून पदराने डोळे पुसत घरी आल्या होत्या, इथे मंगळागौर खेळणाऱ्या सहा बहिणींचा पिक्चर बघून त्याच वयाच्या बायका थिएटरमध्येच पिंगा घालतायत, एवढा फरक पडलाय.

आता तक्रार. इंटरव्हलला लेडीज टॉयलेटची लाइन पार जिन्यापर्यंत, शेजारी जेन्ट्समध्ये चिटपाखरू नाही. अर्ध्या जणी परत येईपर्यंत पिक्चर सुरू पण झाला होता. अख्खं थिएटर बायकांनी भरलंय हे तिकिटं विकतानाच कळतं ना, मग त्या शोपुरतं एक जादा टॉयलेट लेडीजसाठी करा, इंटरव्हल पाच मिनिटं वाढवा, एवढं तर जमेल. पायऱ्यांना कठडा नाही, सासूबाईंना अंधारात दोघींनी धरून वर न्यावं लागलं, आणि या पिक्चरला गुडघे दुखणाऱ्याच जास्त येत होत्या हो.

सगळ्यात जास्त खटकलं ते टायमिंग. आम्ही गेलो त्या आठवड्यात तिथे सगळे शो सकाळी नाहीतर दुपारी. माझी जाऊ बेलापूरला नोकरी करते, ती येऊच शकली नाही. मल्टिप्लेक्सने मराठी पिक्चरला प्राइम टाइम द्यायचा असं २०१५ ला सरकारने ठरवलं खरं, पण तो प्राइम टाइम शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ असा धरला, म्हणजे भर दुपारचा शो लावला तरी नियम पाळल्यासारखाच झाला. ज्यांनी ठरवलं त्यांना वाटलं असणार बायका काय दुपारी मोकळ्याच असतात. अहो पैसे स्वतः कमावून स्वतः तिकीट काढणारी बाई सात वाजता सुटते, तिला साडेसातचा शो द्या की, तीही मैत्रिणींना घेऊन येईल आणि तुमचं हॉल भरेल.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला एक खास वॉचमनदादांना. ग्रुप असेल तर ॲपवर न करता काउंटरवर जाऊन बुकिंग करा आणि वयस्कर कोणी असेल तर दाराजवळची ओळ मागून घ्या, मागितली की देतात.