टायपिंग मिस्टेक आहे, ताई

एकूण 37,940 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण तो विचारल्याशिवाय कोणी पुढचं ऐकत नाही, आणि ऐकल्यावर प्रत्येकजण ‘कुत्र्यासाठी?’ असं म्हणतोच.

हे लिहायला मला अडीच महिने लागले. लाज वाटत होती. मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात सतरा वर्षं काम करते. समोर आलेला कागद खरा की खोटा, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. पगाराच्या दाखल्यावरचा शिक्का जरा पुसट दिसला, सातबाऱ्यावरची तारीख जुळली नाही, की फाइल परत. माणूस कितीही गोड बोलो, फाइल परत. त्या मला पंचविशीतल्या एका पोराने पेट्रोल पंपावर, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात एक झेरॉक्स दाखवून गंडवलं.

जाहिरात कशी होती ते सविस्तर सांगत बसत नाही, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. सोफ्यावर बसलेली तीन पिल्लं, एकाच्या गळ्यात लाल रिबन, खाली ‘प्युअर ब्रीड, शो क्वालिटी, अर्जंट’. लॅब्राडोर मादी, कागदांसह 28,000, कागदांशिवाय 14,000. मी कागदांसहच हवी म्हणाले. हे मुद्दाम सांगते, कारण ‘स्वस्तात घ्यायला गेली आणि फसली’ असं चुलत सासऱ्यांपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. मी दुप्पट पैसे द्यायला तयार होते, केवळ गोष्ट नियमात बसावी म्हणून. केनेल क्लब ऑफ इंडियाची (कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी हवी, ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू नको, हे सगळं मी त्याला आधीच लिहून पाठवलं होतं. आज कळतं, म्हणजे काय काय खोटं दाखवायचं याची यादीच मी त्याच्या हातात दिली होती.

भाव 23,500 ला तुटला. त्यात 5,000 आगाऊ, 17,000 पिल्लू हातात आल्यावर आणि 1,500 ‘ट्रान्सफर फी’, म्हणजे नोंदणी माझ्या नावावर करायची. नंतरचे 2,200 वेगळे, त्यावर येतेच.

पिल्लाच्या आईला बघायचंय, हेही मी म्हटलं होतं. तो म्हणाला, ‘ताई, फार्म कराडच्या पुढे आहे, पण बाहेरच्या माणसाला आम्ही आत घेत नाही. चपलांवरून पार्वो येतो.’ हे खोटं नाही. पार्वो हा ओकाऱ्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेणारा आजार, आणि त्याचा विषाणू खरोखरच चपलांवरून, कपड्यांवरून, हातांवरून येतो. चांगले ब्रीडर पाहुण्यांना पाय धुवायला लावतात, लस पूर्ण होईपर्यंत पिल्लांना हात लावू देत नाहीत. पण ते आई दाखवतात. काचेआडून दाखवतील, जाळीआडून दाखवतील, पण दाखवतात. मला मात्र वाटलं, किती काळजी घेतो बिचारा! त्याने अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. फरशीवर आडवी पडलेली पिवळट लॅब, मागे पंख्याचा आवाज. तिने एकदाही मान वर केली नाही. लेकीने तो व्हिडिओ वीस वेळा पाहिला.

27 एप्रिल, रविवार. ‘अर्ध्या वाटेवर भेटू, तुमचाही त्रास वाचेल.’ हायवेवरचा पंप, संध्याकाळचे साडेसात. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर भाजीचा क्रेट, क्रेटमध्ये वर्तमानपत्र आणि त्यावर ती. मुठीएवढं डोकं, पोट मात्र टम्म. (पोट टम्म म्हणजे जंत, हेही मला नंतर कळलं. मला वाटलं, खाऊनपिऊन सुखी आहे.) लेकीने तिथल्या तिथे नाव ठेवलं, बुंदी. तो क्षण गेला की माणूस पिल्लू परत देत नाही, आणि त्या पोराला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आधी त्याने पिल्लू लेकीच्या हातात दिलं. कागद नंतर काढले.

आता इथे मी थांबणार, कारण गेले अडीच महिने मी रोज रात्री त्याच पंपावर उभी असते.

नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स. लिंगाच्या रकान्यात नर. रंगाच्या रकान्यात काळा. माझ्या लेकीच्या हातात गव्हाळ रंगाची मादी. मी बोट ठेवून विचारलं, ‘हे काय?’ तो हसला. ‘टायपिंग मिस्टेक आहे, ताई. ट्रान्सफरच्या वेळी दुरुस्त होऊन येतं.’ आणि मी ‘बरं’ म्हणाले.

बरं! कर्जदाराच्या आधार कार्डावर आडनावाची वेलांटी चुकली तर मी त्याला प्रतिज्ञापत्र करून आणायला लावते.

दुसरा कागद लसीकरणाचं पुस्तक. जन्म 2 मार्च, म्हणजे त्या दिवशी नेमके 56 दिवस, आठ आठवडे काटेकोर. पहिली लस 24 मार्च, दुसरी 14 एप्रिल, पुढची 5 मे. वजाबाकी करा. पहिली लस बावीसाव्या दिवशी. सहा आठवड्यांच्या आत ही लस सहसा कोणी सुरूच करत नाही. शिवाय लसीच्या कुपीवर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. डॉक्टर ते सोलून पुस्तकात चिकटवतात आणि बाजूला सही-शिक्का मारतात. आमच्या पुस्तकात स्टिकर नव्हतं. निळ्या बॉलपेनने दोन तारखा आणि एक फराटा. दोन्ही तारखांना तीच शाई, तोच दाब, एका बैठकीत लिहिलेलं. असल्या नोंदी मी डोळे झाकून ओळखते, असं मी नव्या मुलांना शिकवते. पण मागे ट्रकचे हॉर्न, लेक हरखलेली, नवरा ‘चल ना, उशीर होतोय’ म्हणतोय. मी पैसे पाठवले. नाव आलं भलत्याच माणसाचं. ‘मेव्हण्याचं खातं आहे, ताई.’

पुस्तकात पुढचा डोस 5 मे लिहिलेला, म्हणून मी डॉक्टरांकडे जायची घाई केली नाही. ही माझी चूक, मान्य. पिल्लू घरी न नेता थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं, त्याच दिवशी. रविवार असेल तर रविवारी ताब्यात घ्यायचंच नाही.

29 तारखेला त्याचा फोन. चिप ‘अ‍ॅक्टिव्ह’ करायची आहे, 2,200. असं काही नसतं. मायक्रोचिप तांदळाएवढी असते, तिच्यात बॅटरी नसते, चालू-बंद करायला काही नसतं. स्कॅनर फिरवला की 15 आकडी नंबर दिसतो, एवढंच. नोंद ब्रीडरने विकायच्या आधीच केलेली हवी. मी पैसे दिले. 23,500 गेल्यावर 2,200 साठी कुठे वाद घालायचा, हा हिशेब केला. कर्जदार असाच बुडतो, हेही मी रोज बघते.

1 मे, महाराष्ट्र दिन. पहाटे बुंदीने पिवळं ओकलं. दुपारी रक्ताचे जुलाब. सरकारी दवाखाना सुट्टीमुळे बंद. दोन खासगी दवाखाने बंद. संध्याकाळी सहाला एक डॉक्टर बाई सापडल्या. त्यांनी आधी तपासणीचं किट लावलं, 900 रुपये, दहा मिनिटांत दोन रेघा. पार्वो. मग तोंड उघडून दात बघितले. पुढचे दात आलेले, मागच्या दाढा हिरडीतच. डोळ्यांवर अजून निळसर झाक. ‘ही पाच आठवड्यांची आहे, फार तर.’ मी पुस्तक पुढे केलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘पहिल्या लसीच्या दिवशी ही आईच्या पोटात होती.’ स्कॅनर मानेवरून, दोन्ही खांद्यांवरून, पुढच्या पायांपर्यंत फिरवला. काही वाजलं नाही.

तीन दिवस सलाइन, 11,340 रुपये. पायाची शीर सापडेना, इतकी बारीक. 4 मेच्या पहाटे ती गेली.

त्या पोराला फोन केला तर उत्तर तयार. ‘ताई, 48 तासांची हेल्थ गॅरंटी होती, पावतीवर लिहिलंय. आमच्याकडून ठणठणीत गेली. तुम्ही दूध पाजलं असेल.’ ही 48 तासांची गॅरंटी नीट समजून घ्या. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. तो आकडा विचार करून ठरवलेला आहे. अशी गॅरंटी कोणी देऊ केली तर तिथूनच वळा.

आता आपल्या थोर व्यवस्थेकडे येते.

पोलीस चौकी. हवालदारांनी आधी ‘जिवंत आहे का?’ विचारलं. नाही म्हटल्यावर, ‘मग आता काय करायचं?’ मी म्हटलं, फसवणूक आहे, पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं 318. ‘मॅडम, वकील आहात का?’ मग हद्द निघाली. पैसे घरून पाठवले ते 5,000 यांच्या हद्दीत, पंपावर दिलेले दुसऱ्या ठाण्याच्या. दुसऱ्या ठाण्यात गेले तर व्यवहाराची सुरुवात पहिल्यांच्या हद्दीत. शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली, तीही तिसऱ्या फेरीला. ऑनलाइन सायबर तक्रार केली, 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला. पण तोवर आठवडा उलटला होता, आणि पैसे गोठवण्याचा उपयोग असतो तो पहिल्या काही तासांत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, हे ऐकून हुरूप आला. पण समोरच्याचं नाव-पत्ता हवा. तो बँकेकडे. बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हा दाखल असेल तर पत्र. गुन्हा का नाही? तर आरोपीचा पत्ता नाही.

मग एका सरकारी कार्यालयात गेले. 2017 पासून केंद्राचे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, चिपशिवाय विकायचं नाही. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘या नियमांची प्रत आहे का तुमच्याकडे?’ म्हणजे प्रत मी न्यायची! नेली, प्रिंट काढून, स्टेपल करून. आवक क्रमांक मिळाला. पुढे काही नाही. पालिकेत गेले तर पहिला प्रश्न, ‘तुम्ही कुत्रा पाळायचा परवाना काढला होता का?’ जेमतेम सात दिवस घरात राहिलेल्या पिल्लाचा परवाना! दंड झाला असता तर तो मलाच.

आणि समजा पकडला, तर? 1960 च्या कायद्यात प्राण्याला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. पन्नास. पंपावर बुंदीच्या क्रेटशेजारी त्याने चहा मागवला होता, आमच्या चौघांचा. तेवढ्यातच जवळपास झाला असता.

‘दत्तक का नाही घेतलं?’ हे विचारणारेही खूप भेटले. बरोबर विचारतात, पण आवाज जरा खाली ठेवा. लॅब हवी होती कारण लेकीला लहानपणी गल्लीतला कुत्रा चावलाय, लॅब शांत असते म्हणतात. पण डॉक्टर बाईंनी एक प्रश्न विचारला त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे पाहिलेत का? लॅबमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढ्यानपिढ्या उतरतो, जर्मन शेफर्डमध्येही. ‘शुद्ध रक्त’ म्हणून भाव सांगतात, पण त्या रक्ताची तपासणी कोणी केलेली नसते. मी वंशावळीचा कागद मागत होते, तपासणीचा नाही. कागद भिंतीवर लावता आला असता, एवढाच त्याचा उपयोग.

आणि ती फरशीवर पडलेली मादी. नियम म्हणतात, मादीची वीण दीड वर्षाची होईपर्यंत नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षाला एकच वीण, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत. मोजणार कोण? पाच आठवड्यांत पिल्लं तोडली की त्यांच्या खाण्याचा, लसींचा खर्च वाचतो, आणि लहान पिल्लू जास्त गोंडस दिसून लवकर खपतं. माझे 25,700 त्यासाठीच गेले. हे मला रकमेपेक्षा जास्त टोचतं, पण घरी बोलून दाखवत नाही.

घरात पार्वो होऊन गेला असेल तर फरशी नुसत्या फिनाइलने पुसून भागत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवा. तरी विषाणू कोपऱ्यात महिनोनमहिने राहतो, म्हणून लगेच दुसरं लहान पिल्लू आणू नका. आमच्याकडे एकाने सांत्वन म्हणून आणायची तयारी केली होती.

गेल्या आठवड्यात जाहिरात पुन्हा दिसली. तोच सोफा, तीच लाल रिबन, भाव 31,000. बहिणीच्या मोबाइलवरून मेसेज टाकला, ‘आई बघायला मिळेल का?’

‘नक्की, ताई,’ असं उत्तर आलं. मिनिटभरात व्हिडिओही आला. अकरा सेकंदांचा.