शिक्षणाच्या समाजशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम
धर्म, शिक्षण आणि घरची पार्श्वभूमी यांचा माणसाच्या मतांवर व यशावर होणारा परिणाम उलगडणारा हा अभ्यासक्रम मला मनापासून आवडला. अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालावरचे व्याख्यान सर्वांत सरस आहे. मुलांच्या गुणांतील फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निगडित असल्याचे त्यात कसे आढळले, हे शिक्षिका एकेक तक्ता पडद्यावर मांडून, घाई न करता समजावतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू यांची 'सांस्कृतिक भांडवल' (घरातून मिळणारे आणि शाळेत उपयोगी पडणारे ज्ञान व सवयी) ही संकल्पनाही, घरातली पुस्तके आणि बोलण्याची ढब यांच्या उदाहरणांतून, नीट पोचते. धर्मावरचा भाग मात्र तोकडा आहे. प्रोटेस्टंट पंथाच्या कष्टाळू, काटकसरी वृत्तीने भांडवलशाहीला चालना दिली, असे मानणारे जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर यांच्यापाशीच तो थांबतो, आणि प्रोटेस्टंट प्रदेशांच्या समृद्धीचे श्रेय साक्षरतेला देणारा युक्तिवाद, जो मला अधिक पटतो, त्यात येतच नाही.