एका बाजूला ब्रेक, दुसऱ्या बाजूला वेग : आठ चाकी उभयचर गाडीच्या ट्रान्समिशनचा वापरानंतरचा अनुभव

जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी आठ चाकी गाडी मी गेले काही महिने दलदल, गाळ, दगडी चढ आणि संथ पाणी अशा मिश्र जागी नियमित वापरत आहे. या वर्गातील गाड्यांची चर्चा बहुधा इंजिनची ताकद, वजन वाहण्याची क्षमता आणि टायर यांभोवती फिरते. वापरातून माझे मत मात्र असे झाले आहे, की गाडीचा स्वभाव ठरतो तो इंजिन आणि चेन यांच्या मधल्या पेटीत, म्हणजे जिथे शक्ती डाव्या आणि उजव्या बाजूला वाटली जाते त्या ट्रान्समिशनमध्ये. म्हणून हा अभिप्राय त्या एका भागापुरता मर्यादित ठेवला आहे.

या गाड्यांची पुढची चाके मोटारीसारखी तिरपी होत नाहीत. एका बाजूची सर्व चाके चेन आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) यांनी एकमेकांशी जोडलेली असतात, आणि वळायचे म्हणजे एका बाजूची गती कमी करून गाडीला त्या बाजूला घसरत फिरवायचे. 1960 च्या दशकात कॅनडात 'जिगर' आणि पाठोपाठ 'आर्गो' या गाड्या आल्या तेव्हापासून हे मूळ तत्त्व टिकून आहे. फरक आहे तो गती कमी कशी करायची यात.

माझ्या गाडीत प्लॅनेटरी डिफरन्शिअल आहे, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा संच, आणि त्याच्या दोन्ही बाहेर येणाऱ्या शाफ्टवर एकेक ब्रेक डिस्क आहे. हँडलबार डावीकडे वळवला की डाव्या डिस्कवरचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडने दाबणारा चिमटा, आवळला जातो. डिफरन्शिअलचा नियम असा, की दोन्ही बाजूंच्या गतीची सरासरी आत येणाऱ्या गतीइतकी राहते. त्यामुळे डावी बाजू पूर्ण थांबवली आणि इंजिनकडून येणारी गती तेवढीच राहिली, तर उजवी बाजू दुप्पट वेगाने फिरते. अरुंद जागेत हा गुण फार मोलाचा ठरतो. गाडी थांबलेल्या बाजूभोवती जवळजवळ जागच्या जागी फिरते. हँडलबारला लागणारे बळही बेताचे असते, त्यामुळे दिवसभराच्या कामानंतर हात भरून येत नाहीत.

याच रचनेची दुसरी बाजू समजायला मात्र वेळ द्यावा लागतो. ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता ही पकड आणि घसरण यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. डिस्क पूर्ण थांबली तर घसरण शून्य, म्हणून उष्णताही जवळजवळ शून्य. डिस्क अर्धवट आवळलेली असताना ती फिरतही असते आणि घासलीही जाते, आणि सर्वांत जास्त उष्णता तिथेच होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की या गाडीला कडक आणि छोटी वळणे सोसतात, पण वेगात घेतलेले लांबलचक सौम्य वळण, जे चालवणाऱ्याला सर्वांत निरुपद्रवी वाटते, तेच पॅड जाळते. मी आता लांब वळण छोट्या छोट्या सरळ तुकड्यांत घेतो : थोडे सरळ, मग क्षणभर ठाम वळण, पुन्हा सरळ. असे चालवल्यापासून पॅडचा वास येणे बंद झाले आणि उतारावर ब्रेकही भरवशाचे राहू लागले. उताराचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण वळवणारे आणि थांबवणारे कॅलिपर एकच आहेत. वळणांनी तापलेला ब्रेक घेऊन उतारावर जाणे धोक्याचे आहे. ब्रेक थंड ठेवणारा पंखा बसवण्याची सोय तुमच्या गाडीत असेल तर तो पहिल्या दिवसापासून बसवावा, असे मी कळकळीने सांगेन.

डिफरन्शिअलची आणखी एक सवय चिखलात जाणवते. ते दोन्ही बाजूंना सारखाच पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवणारे बळ) देते, त्यामुळे एक बाजू निसरड्या गाळात सुटली की ती गरगरते आणि कोरड्या जमिनीवरची बाजू ढिम्म उभी राहते. अशा वेळी जी बाजू गरगरते आहे तिकडे हँडलबार किंचित वळवला, की तिच्या ब्रेकचा अडसर शक्तीला दुसऱ्या बाजूकडे ढकलतो आणि गाडी सरकते. नव्या माणसाला हे उलटे वाटते, कारण हात तर वळणाचा इशारा देत असतो. पण हे एकदा अंगवळणी पडले की अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात. आडव्या उतारावर किंवा एका बाजूला गवत जास्त असलेल्या जागी गाडी जास्त विरोधाच्या बाजूला ओढली जाते आणि सतत थोडे थोडे सावरत राहावे लागते. तेही शेवटी ब्रेकच्याच खात्यात जमा होते.

तुलनेसाठी दोन लिव्हरची गाडीही मी पुरेशी चालवली आहे. 'मॅक्स' गाड्यांमुळे परिचित झालेले, बॉर्ग-वॉर्नरने बनवलेले टी-20 ट्रान्समिशन हे त्या घराण्यातले. त्यात प्रत्येक बाजूला स्वतंत्र प्लॅनेटरी संच असतो. लिव्हर ओढला की आधी त्या बाजूची शक्ती सुटते आणि आणखी ओढला की ब्रेक लागतो. लिव्हर सोडलेले असताना दोन्ही बाजू एकमेकींशी घट्ट जोडलेल्या राहतात, त्यामुळे सरळ चाल उत्तम आणि चिखलात एका बाजूने गरगरण्याचा प्रश्नच नाही. वळताना बाहेरच्या बाजूचा वेग मात्र वाढत नाही. 'शेर्प' या अवाढव्य टायरांच्या गाडीतही बाजूचे क्लच आणि लिव्हर हीच वाट घेतलेली आहे. क्लच-ब्रेक पद्धतीत एक गोष्ट जपावी लागते : तीव्र उतारावर इंजिन गाडीला मागे रोखून धरत असताना लिव्हर अर्धवट ओढला, तर सुटलेली बाजू मोकळी होऊन पुढे धावते आणि गाडी हव्या दिशेच्या उलट वळते. तिथे लिव्हर एकदम ब्रेकपर्यंतच ओढावा.

तिसरा मार्ग हायड्रोस्टॅटिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाने शक्ती पोहोचवण्याचा, ज्यात प्रत्येक बाजूला स्वतंत्र पंप आणि मोटर असते आणि एक बाजू पुढे, दुसरी मागे अशी खरोखर उलट फिरवता येते. शक्तीची गळती आणि वजन हा त्याचा मोबदला. रणगाड्यांत रूढ झालेले नियंत्रित डिफरन्शिअल, जे शर्मन रणगाड्यात आणि नंतर एम113 या सैनिकवाहू चिलखती गाडीतही होते, आतल्या बाजूला पूर्ण थांबवत नाही. गिअरच्या ठरावीक प्रमाणात तिची गती कमी करते आणि वाचलेली शक्ती बाहेरच्या बाजूला देते. सौम्य वळणात ब्रेक जाळण्यापेक्षा हा विचार मला अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि पुढची गाडी घेताना मी सर्वप्रथम तेच पाहीन.

इंजिन आणि ट्रान्समिशन यांच्यामध्ये माझ्या गाडीत बेल्टचे सीव्हीटी आहे, म्हणजे गिअर न बदलता वेगाचे प्रमाण आपोआप बदलणारी रचना. वळताना चाकांना घसरावे लागते म्हणून भार एकदम वाढतो, आणि हाय रेंजमध्ये (जास्त वेगाच्या गिअरमध्ये) तो भार बेल्टवर येऊन बेल्ट घसरतो. वळणे जास्त असतील तिथे लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर), हा नियम मी मोडत नाही. रेंज बदलायची ती गाडी पूर्ण थांबवून आणि इंजिन आयडलवर ठेवूनच.

पाण्यात चित्र पालटते. चाकेच वल्ह्याचे काम करतात, वेग माणसाच्या चालीएवढाच असतो आणि घसरणीचा विरोध नसल्यामुळे ब्रेकवर भार जवळजवळ पडत नाही. डिफरन्शिअलमुळे एक बाजू थांबवल्यावर दुसरीचे टायर वेगाने पाणी ढकलतात, म्हणून वळण चांगले होते. वारा आडवा असेल तर मात्र तेही अपुरे पडते. ब्रेक आणि बेल्ट तळाच्या आत असतात, तेव्हा आत पाणी साचू न देणे हे स्टिअरिंगसाठीही आवश्यक आहे. भिजलेला बेल्ट शक्ती देत नाही.

देखभालीत सर्वांत जास्त लक्ष चेनने मागितले. सैल झालेली चेन प्रत्येक वळणावर आणि रिव्हर्सच्या सुरुवातीला झटका देते, आणि तो झटका स्प्रॉकेटच्या दातांना आणि बेअरिंगला बसतो. टायरमधील हवेचा संबंधही थेट चेनशी आहे. एका बाजूची सर्व चाके एकाच गतीने फिरायला बांधलेली असतात. त्यांतल्या एकाची हवा कमी झाली तर त्याचा घेर कमी होतो आणि चेन विनाकारण ताणली जाते. हे टायर अगदी कमी दाबाचे असल्याने अर्ध्या पीएसआयचा (हवेच्या दाबाचे एकक) फरकही मोठा, म्हणून कमी दाब अचूक दाखवणारा गेज लागतोच. मधल्या चाकांत टोकाच्या चाकांपेक्षा किंचित जास्त हवा ठेवली तर टोके हलकी होतात आणि वळण सोपे जाते. मात्र डाव्या आणि उजव्या बाजूचा दाब सारखाच हवा.

रबरी ट्रॅक चढवल्यावर मऊ जमिनीवरची चाल अतिशय सुधारते, पण वळण्याचा विरोध इतका वाढतो, की वर सांगितलेली उष्णतेची आणि बेल्टची प्रत्येक गोष्ट तीव्र होते. मी ट्रॅक केवळ खोल दलदलीच्या कामापुरते लावतो, तेव्हा लो रेंज सोडत नाही, आणि काम संपल्यावर डिस्क, पॅड व ट्रान्समिशनचे तेल पाहूनच ट्रॅक उतरवतो. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे असे समजून ते त्याच दिवशी बदलतो.