अँटिव्हायरस, फायरवॉल आणि डिस्क इमेज: घरच्या लॅपटॉपवरील नऊ महिन्यांचा अनुभव

विंडोज १०च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार हे जाहीर झालेले होते आणि आमच्या जुन्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसल्यामुळे त्यावर विंडोज ११ चढणार नव्हते. म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही नवा लॅपटॉप घेतला. त्यावर घरातील तिघे काम करतात. माझे भाषांतर व मुद्रितशोधन त्यावर चालते, पत्नी आमच्या सोसायटीचा हिशेब ठेवते आणि मुलगी महाविद्यालयाचे प्रकल्प करते. खरेदीच्या वेळी संरक्षणासाठी मी मनाशी जो खर्च धरला होता, त्यातील बहुतेक अँटिव्हायरससाठी होता, थोडा फायरवॉलसाठी (म्हणजे नेटवर्कवरील ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्यासाठी) आणि डिस्क इमेजिंगसाठी (म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत घेण्यासाठी) जवळजवळ काहीच नाही. नऊ महिन्यांनंतर हे प्रमाण नेमके उलटे झाले आहे.

लॅपटॉपबरोबर एका विकतच्या अँटिव्हायरसची वर्षभराची मुदत मिळाली होती. त्याने विषाणू पकडले नाहीत असे मी म्हणणार नाही, कारण पकडण्याजोगे फारसे काही आलेच नाही. मात्र व्हीपीएन घ्या, रजिस्ट्री साफ करून घ्या, मुदत आताच वाढवा, अशा सूचना दिवसातून तीन-चार वेळा पडद्याच्या कोपऱ्यात येत. संरक्षणाची खरी सूचना आणि विक्रीची सूचना एकाच रंगाच्या चौकटीत येऊ लागली की घरातील माणसे न वाचता चौकट बंद करायला शिकतात, आणि हा मला त्यातील सर्वांत मोठा धोका वाटला. एप्रिलमध्ये मी ते काढून टाकले. नेहमीच्या पद्धतीने काढल्यावरही त्याचे काही भाग मागे राहिले होते, ते कंपनीच्याच वेगळ्या सफाई-प्रोग्रामने काढावे लागले. त्यानंतर विंडोजमधील डिफेंडर हा अंगभूत अँटिव्हायरस आपोआप सुरू झाला. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला असेपर्यंत तो स्वतःहून बाजूला होतो. त्यामुळे दोन्ही एकदम पूर्ण जोमाने चालवून दुप्पट संरक्षण मिळवण्याची कल्पना मुळातच चुकीची आहे.

डिफेंडर जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी मी अँटिव्हायरस तपासण्यासाठीच असलेली आयकारची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल तयार केली. ती जतन होताच उचलली गेली. खरी परीक्षा मात्र झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या मुलीच्या पेनड्राइव्हने घेतली. फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, हा आपल्याकडचा जुना ओळखीचा प्रकार होता. डिफेंडरने शॉर्टकट व त्यामागची स्क्रिप्ट काढली, पण लपवलेले फोल्डर लपलेलेच राहिले आणि ते कमांड प्रॉम्प्टवर अट्रिब आज्ञा देऊन मला परत दिसते करावे लागले. यात डिफेंडरचा दोष नाही, कारण फाइल लपवणे हा विंडोजचाच साधा गुणधर्म आहे. एवढे मात्र खरे की डिफेंडर इंटरनेटवरील माहितीवर बराच अवलंबून असतो आणि जोडणी बंद असताना त्याची ओळखशक्ती कमी पडते, हे इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांतूनही दिसत आले आहे. ज्यांचा संगणक महिनोन्‌महिने इंटरनेटशिवाय असतो आणि ज्यात दहा लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यांनी माझ्या निर्णयाचे अनुकरण करू नये.

डिफेंडरमध्ये निवडक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहू न देण्याची सोय आहे. ती मूळात बंद असते. मी ती सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या जुन्या मराठी डीटीपी प्रोग्रामला फाइल जतन करता येईना. त्याला परवानगीच्या यादीत घातल्यावर पुन्हा अडचण आली नाही, पण अशा जुन्या प्रोग्रामांवर पोट असलेल्यांनी पहिले आठ दिवस हाताशी वेळ ठेवावा.

फायरवॉलबाबत थोडक्यात लिहितो. विंडोजची फायरवॉल एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००४पासून, आपोआप चालू असते. आपण न मागता बाहेरून येणारी जोडणी ती अडवते, पण आतून बाहेर जाणाऱ्या प्रोग्रामांना मूळ मांडणीत मोकळीक देते. ही मोकळीक मला खुपत होती, म्हणून प्रत्येक प्रोग्रामबद्दल विचारणारी एक मोफत फायरवॉल मी सहा आठवडे वापरली. मला त्यातून पुष्कळ शिकायला मिळाले. घरातल्यांनी मात्र समोर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला ‘परवानगी द्या’ असे उत्तर दिले, कारण एसव्हीसीहोस्ट (विंडोजचाच एक अंतर्गत प्रोग्राम) म्हणजे काय हे हिशेब भरताना कोणी शोधत बसत नाही. मधल्या काळात वायफायवरचा प्रिंटर दिसेनासा झाला. मी दोन दिवस त्या फायरवॉलच्या नियमांत शोधत राहिलो आणि शेवटी कळले की घरचे नेटवर्क विंडोजमध्ये ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले होते. ते ‘खासगी’ केले आणि प्रिंटर परतला. आता विंडोजचीच फायरवॉल आहे आणि तिच्या प्रगत खिडकीत डीटीपी प्रोग्रामला बाहेर जाण्याची मनाई करणारा एकच नियम आहे.

आता डिस्क इमेजविषयी. इमेज म्हणजे केवळ फाइलींची प्रत नव्हे. संगणक सुरू करणारे ईएफआय विभाजन (डिस्कचा छोटा भाग), विंडोज, बसवलेले प्रोग्राम, फॉन्ट आणि कळफलकाची मांडणी यांसह अख्ख्या डिस्कचे चित्र त्यात येते. पूर्वी या कामासाठी मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती अनेक जण सुचवत, पण तिचा आधार २०२४च्या सुरुवातीला संपला. म्हणून मी प्रथम एक विकतचे सॉफ्टवेअर घेतले. इमेज दर रविवारी तयार होत होती आणि हिरवी खूण दिसत होती. मे महिन्यात सहज म्हणून बचावाचा पेनड्राइव्ह (विंडोज सुरू होत नसताना इमेज परत टाकण्यासाठीचा) लावून संगणक सुरू केला, तर त्याला लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, दिसतच नव्हती. कारण शोधले तेव्हा समजले की या लॅपटॉपात साठवणीचे नियंत्रण इंटेलच्या व्हीएमडी पद्धतीने होते आणि बचावाच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण ओळखणारा प्रोग्राम) नव्हताच. म्हणजे तीन महिन्यांच्या हिरव्या खुणा असूनही माझ्याकडे परत मिळवण्याजोगे काही नव्हते.

त्यानंतर मी वीम एजंट या इमेज घेणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घेतली. बचावाचा पेनड्राइव्ह करताना ती याच संगणकातील ड्रायव्हर त्यात घालण्याचा पर्याय देते, आणि मला तेच हवे होते. दुसरी आवडलेली गोष्ट अशी की बाहेरची हार्ड डिस्क जोडली की काम सुरू होते आणि संपल्यावर डिस्क आपोआप बाहेर काढलेल्या स्थितीत जाते. खंडणीखोर विषाणू आलाच, तर तो जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही कुलूपबंद करतो, म्हणून ही सोय शोभेची नाही. दर तीन महिन्यांनी मी क्लोनझिलानेही एक वेगळी इमेज घेतो. तैवानमध्ये तयार झालेले हे मोफत साधन पेनड्राइव्हवरून चालते. मात्र त्याचा पडदा निळा-करडा आणि प्रश्नांनी भरलेला असतो, स्रोत व लक्ष्य डिस्क उलटी निवडली तर ते माफ करत नाही, आणि इमेज मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सहजासहजी परत टाकता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करण्याची विंडोजची सोय, चालू असेल तर क्लोनझिला रिकामी जागाही जशीच्या तशी उचलते, त्यामुळे इमेज अवाढव्य होते.

ऑगस्टच्या एका सकाळी लॅपटॉप सुरू होईना. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मांडणीच्या पडद्यावर, एसएसडीचे नावच नव्हते. दुकानातून दुप्पट क्षमतेची नवी एसएसडी आणली, पेनड्राइव्ह लावला आणि सुमारे चाळीस मिनिटांत नऊ दिवसांपूर्वीचा संगणक परत आला, अगदी पत्नीने डेस्कटॉपवर मांडलेल्या फाइलींच्या रांगांसह. मधल्या नऊ दिवसांच्या फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवरील रोजच्या प्रतीतून मिळाल्या. दोन गोष्टी मात्र मला आधी ठाऊक नव्हत्या. चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये बिटलॉकरचे कुलूप उतरलेले असते, म्हणून परत आलेल्या डिस्कवर ते नव्याने लावावे लागले. त्याच कारणाने बाहेरच्या हार्ड डिस्कवरील इमेजमधून सोसायटीचा सगळा हिशेब कोणालाही वाचता आला असता. तेव्हापासून इमेजला पासवर्ड आहे आणि तो, बिटलॉकरच्या ४८ अंकी चावीसह, कपाटातील वहीत शाईने लिहिलेला आहे.

सध्याची उणीव अशी की वही, हार्ड डिस्क आणि लॅपटॉप तिन्ही एकाच खोलीत आहेत. दुसरी हार्ड डिस्क घेतली आहे. ती पुढच्या वेळी सांगलीला जाताना भावाकडे ठेवून येणार आहे.