टँकमध्ये सफाईवाला कोण: क्लीनर रॅस की निऑन गोबी?

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपायला दोन नावं हमखास सुचवली जातात. क्लीनर रॅस म्हणजे, शास्त्रीय नावाने, लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. लॅब्रॉइडिस या गटात जाती फक्त 5, आणि सगळ्या हेच काम करतात. ही जात लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांतही दिसते. प्रवाळावर तिचं ठरावीक ठिकाण असतं, एखाद्या सलूनसारखं. तिथे मोठे मासे आपणहून येऊन तोंड उघडून थांबतात. एक नर, भोवती माद्या. नर गेला की सर्वांत मोठी मादीच नर होते! 2019 साली जपानी संशोधकांना दिसलं, की आरशात पाहून हा मासा स्वतःच्या अंगावरचा डाग घासायला जातो.

पण घरच्या टँकमध्ये गिऱ्हाईकंच मोजकी. परजीवी संपले की बरेच रॅस दुसरं अन्न घेत नाहीत आणि उपाशी मरतात. शिवाय बाजारातले बहुतेक समुद्रातून पकडलेले.

निऑन गोबी कॅरिबियन भागातली, जेमतेम 5 सेंटिमीटर. सफाईत रॅसइतकी तरबेज नाही, पण बंदिस्त जागेत पैदास होते आणि तयार खाद्य बिनतक्रार खाते. मी गोबीच घेईन. रॅस पाहायचा तर स्नॉर्केल (पाण्यात श्वास घ्यायची नळी) लावून, त्याच्या दुकानात जाऊन.