गोदी स्फोटाची पायी फेरी: पैसे वसूल, पण सोन्याचा सोस आवरा

माणशी 700 रुपये, मराठी बॅच, तीनेक तास, पाणी-टोपी आपली आपण. दुसऱ्या महायुद्धातली मुंबई दाखवणारी ही फेरी भाचीनं मला वाढदिवसाला बुक करून दिली. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण खाली जरा कुरकुर आहे आणि गाईड पोरगा गुणी आहे.

सुरुवात पी. डि'मेलो रोडला, यलो गेटजवळ. गोदीत आत सोडत नाहीत, त्यामुळे भिंतीकडे तोंड करून ऐकायचं. पण सांगतो झकास. 14 एप्रिल 1944, दुपारचे चार वाजून गेलेले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' हे जहाज, पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या गाठी. ही जोडी कुणी जमवली देव जाणे. गाठी पेटल्या आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरानं दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, जवळपास 80,000 माणसं बेघर झाली, धक्का पार सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अख्खं शहर जळताना बघत होतं, पण सेन्सॉरमुळे पेपरवाल्यांना सविस्तर बातमी छापायला मे महिना उजाडला. हे ऐकताना आमच्या घोळक्यातली कॉलेजची मुलं मोबाईल खिशात टाकून उभी होती.

मग आलं सोनं. जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, एक वीट उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली, गोदीतला गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं विटा सापडत राहिल्या. सगळं खरं, पण किती वेळ? मशीद बंदरला पोचेपर्यंत सोनंच चालू. दाणाबंदरजवळ मात्र "इथली गोदामं जळाली, हजारो टन धान्य गेलं" एवढं एक वाक्य टाकून गडी पुढे निघाला. मी थांबवलंच. म्हणाला, "काकू, लोकांना सोनं ऐकायचं असतं. बाकीचं तुम्ही सांगा ना."

सांगितलं. माझी सगळी नोकरी शिधावाटप कार्यालयात गेली आणि ते खातंच मुळी युद्धाचं अपत्य. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्या तांदळावर मुंबईत चुली पेटत होत्या. मे 1943 मध्ये शहरात रेशनिंग आलं. गिरणीमालकालाही कार्ड, गिरणीकामगारालाही कार्ड, कागदावर सगळे सारखे. रांगेत कोण उभं राहतं आणि मागच्या दारानं कोणाकडे पोतं उतरतं, इथे खरा फरक. काळा बाजार करून त्या काळात कित्येकांनी माड्या चढवल्या.

युद्ध संपलं, कार्ड राहिलं. माझ्या टेबलापुढे नवी नवरी यायची, हातावरची मेंदी अजून गेलेली नाही, आणि मुठीत माहेरचा 'नाव कमी केल्याचा दाखला'. तो नसला की सासरच्या कार्डावर नाव चढत नसे. सासू बाकावर बसून साखरेचा हिशोब करत असायची. आणि ज्याच्याकडे कार्डच नाही, त्याला आपण मुंबईत राहतो हे पटवून देताना घाम फुटायचा.

घरभाड्याचंही तेच. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाण भाड्यासाठी 1 सप्टेंबर 1940 ही तारीख धरली, म्हणजे भाडं युद्धकाळातल्या त्या दिवशी होतं तिथंच गोठलं. आमच्या गिरगावच्या चाळीत मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरू जागा सोडीना, त्याचं मूळ या तारखेत. पागडीवाल्यांनी (मालकाला एकरकमी पागडी देऊन जुन्या भाड्यात राहणाऱ्यांनी) तरी या फेरीत हे ऐकायला हवं होतं, पण गाईडच्या स्क्रिप्टमध्ये ते नाहीच. महागाई भत्त्यासाठी मुंबईच्या गिरणीकामगारांनी 1940 मध्ये केलेला संपही नाही.

शेवटचा टप्पा मात्र फेरीचा कळस. सँडहर्स्ट रोडला इराण्याकडे बसवतात (बनमस्का-चहा पैशांत धरलेला, बन ताजा) आणि पोरगा 1942 ची मराठी वस्ती उभी करतो. एका गॅलरीत 'चले जाव'वाला भूमिगत, दुसरीत हे लोकयुद्ध आहे म्हणत इंग्रजांच्या लढाईला साथ देणारा कम्युनिस्ट, तिसरीत सावरकरांचं ऐकून सैन्यात भरती झालेला. आंबेडकर त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, 1941 मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये कोकणातली पोरं दाखल होतायत. उषा मेहतांचा गुप्त काँग्रेस रेडिओ नोव्हेंबरात पकडला गेला. एकाच जिन्यावरून ही सगळी माणसं चढत-उतरत होती आणि कोण कुणाची खबर देईल याचा नेम नव्हता, असं तो म्हणाला तेव्हा टेबलावर वाद पेटला. एका आजोबांना कम्युनिस्टांचं नाव काढलेलंच खपेना! गाईडनं तो वाद दाबला नाही, याचे त्याला पैकीच्या पैकी.

तक्रारी: माईक मशीद बंदरच्या गोंगाटात निकामी, वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही, भायखळ्याचं अग्निशमन दलाचं स्मारक जाहिरातीत आहे पण "वेळ कमी पडला". पाचपैकी साडेतीन.

बुक करणार असाल तर शनिवारची बॅच घ्या. रविवारी मशीद बंदरची बहुतेक दुकानं बंद असतात आणि नुसती शटरं बघत चालावं लागतं. चपला नकोत, बूट घाला.