घरातली जपानी तलवार: जुनी घडीव, लष्करी की नक्कल?

1945 साली ब्रह्मदेश, मलाया आणि सिंगापूरमध्ये जपानी सैन्य शरण आले तेव्हा अधिकाऱ्यांच्या तलवारी काढून घेण्यात आल्या. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मराठा पलटणीही लढल्या होत्या. त्यामुळे एखाद्या फौजी घराच्या माळ्यावर अशी तलवार निघाली तर नवल नाही. शिवाय हल्ली ती भेट म्हणूनही येते. मग ती ठेवायची, विकायची की तिच्यावर खर्च करायचा, हे ठरवताना ती तिघींपैकी कोणती ते आधी कळायला हवे.

म्यान आणि मूठ पाहून निकाल लावू नका. युद्धावर निघालेल्या कित्येक अधिकाऱ्यांनी घरातले पिढीजात पाते लष्करी मुठीत बसवून घेतले होते. उलट, रेशमी दोरी गुंडाळलेल्या देखण्या मुठीत परवाचे पातेही असू शकते.

खरी ओळख मुठीच्या आत गेलेल्या भागावर, म्हणजे नाकागोवर पटते. मुठीला आरपार एक बारीक बांबूची खुंटी असते. लाकडी काडीने ती ढकलून काढली की मूठ सुटते. जुन्या घडीव तलवारीच्या नाकागोवर गडद तपकिरी, काळपट, गुळगुळीत गंज असतो. बोट फिरवले तर लाल भुकटी लागत नाही आणि कानशीचे वळ झिजून मऊ झालेले दिसतात. लष्करी तलवारीचा गंज पातळ, वळ ठसठशीत. बनावट तलवारीवर काळा रंग किंवा तेजाबाने आणलेला नारिंगी गंज सापडतो, नाहीतर टोकाला आटे पाडून चक्क नट बसवलेला असतो. तिथेच विषय संपला.

हा गंज घासू नका, अगदी दसऱ्याच्या पूजेसाठीसुद्धा. चिंच-लिंबाने तो निघाला की वयाचा पुरावाच गेला, आणि किंमतही.

नाकागोवर कोरलेल्या सहीने हुरळून जाऊ नये. नामांकित कारागिरांच्या खोट्या सह्या जपानमध्येच शतकानुशतके कोरल्या गेल्या. कोतेत्सुच्या नावाने तर इतक्या, की ते नाव दिसले की जाणकार आधी संशयच घेतात. तारीख जास्त कामाची. शोवा या जपानी राजवटीचे 18वे वर्ष म्हणजे 1943. तलवारी घडवणाऱ्या सेकी गावाचा किंवा शोवा काळाचा छोटा शिक्का असेल तर पाते बहुधा पारंपरिक रीतीने पाण्यात नव्हे, तेलात विझवलेले, युद्धकाळातले. पण ताऱ्याचा शिक्का दिसला तर थांबा: सैन्याने नेमलेल्या कारागिरांची ती पाती सहसा पारंपरिक पद्धतीने घडवलेली असत.

धारेलगतची पांढुरकी लाटेरी रेघ एकाच दिव्याखाली, पाते तिरके धरून भिंगातून पाहा. खऱ्या रेघेत धुक्यासारखी झाक आणि चमचमते कण दिसतात. तेजाबाने काढलेली रेघ सपाट असते, तारेच्या ब्रशने काढलेलीत ओरखडे दिसतात.

हवालदार वर्गाची 1935ची तलवार वेगळीच. पाते कारखान्यातले, मूठ बहुधा ॲल्युमिनियमची ओतीव, तिच्यावर दोरी गुंडाळल्याची नक्षी आणि रंग. पात्यावरचा आणि म्यानावरचा क्रमांक जुळला तर उत्तम. हिला खोलून काही मिळणार नाही. पितळी मुठीच्या चकचकीत प्रती बाजारात पुष्कळ आहेत. मला तरी पितळ दिसले की शंका येते.

टोकियोतली 1948 साली स्थापन झालेली तलवार-जतन संस्था परीक्षा करून प्रमाणपत्र देते. होझोन ही त्यातली पहिली पायरी. पण भारतातून तलवार तिकडे धाडणे सोपे नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. कारखान्यातल्या लष्करी तलवारीची जपानमध्ये नोंदणीच होत नाही, म्हणजे ती तिथे ठेवताही येत नाही.

म्हणून आधी फोटो: उघडे पाते, टोक, नाकागोच्या दोन्ही बाजू. जाणकाराला तेवढे पुरते. नाकागो जुना वाटला तरच पुढचा खर्च करा. लष्करी निघाली तर आजोबांच्या पलटणीचे कागद तिच्यासोबत ठेवा, विकताना त्यांनाही भाव मिळतो. कोणतीही निघो, धारवाल्याकडे मात्र नेऊ नका. पात्याला उघडा हात लावू नका आणि अधूनमधून हलक्या खनिज तेलाचा पातळ हात द्या.